पांढऱ्या दगडावरची हिरवी रेघ

आमच्या धंद्यात नव्या पोराला 'मेंटेनन्स प्रोजेक्ट' मिळालं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. नवं काही बांधायला मिळणार नाही, दुसऱ्याने करून ठेवलेलं जुनं काम सांभाळत बसायचं. सगळं सुरळीत चाललं तर कुत्रं विचारत नाही, बंद पडलं की मात्र रात्री दोन वाजता फोन. अशा पोरांना मी हल्ली एकच सल्ला देतो: पैसे साठव आणि एकदा व्हेनिसला जाऊन ये. जगातलं सगळ्यात देखणं मेंटेनन्स प्रोजेक्ट तिथे बघायला मिळतं. हजार वर्षं उलटून गेली, अजून चालू आहे.

आता व्हेनिस म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना 'द ग्रेट गॅम्बलर'मधली अमिताभ-झीनतची गोंडोला आठवते. त्यात गैर काही नाही, शहर आहेच तसं. ११८ बेटं, चारशेच्या आसपास पूल, दीडशेहून जास्त कालवे, आणि मोटारी शहराच्या वेशीवरच थांबवलेल्या. पण गेल्या नोव्हेंबरात मी आणि बायको पाच दिवस तिथे फिरलो (ती फोटोग्राफर, अस्मादिक ट्रायपॉडचे हमाल), तेव्हा माझ्या डोक्यात एक साधा इंजिनिअरी प्रश्न ठाण मांडून बसला होता. चिखलावर बांधलेलं हे गाव अजून उभं कसं? आणि त्याच्याच पाण्यातलं, त्याच्याहून आधी मोठं झालेलं टोर्चेल्लो नावाचं बेट मग ओस का पडलं?

आधी थोडा भूगोल. आल्प्समधून उतरलेल्या नद्या एड्रियाटिक समुद्राला मिळताना भरपूर गाळ आणतात. किनाऱ्यालगत वाळूचे लांबलचक दांडे तयार झालेत आणि त्यांच्या मागे खाऱ्या पाण्याचा उथळ विस्तार. यालाच लगून म्हणायचं. क्षेत्रफळ साधारण ५५० चौरस किलोमीटर, आणि सरासरी खोली जेमतेम पुरुषभरही नाही. कोकणातली खाजणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे दृश्य लगेच कळेल: भरतीला सगळीकडे पाणी, ओहोटीला चिखल, मधेमधे खाऱ्या गवताचे पट्टे आणि त्यातून नागमोडी जाणाऱ्या पाण्याच्या वाटा. समुद्राचं पाणी आतबाहेर करायला तीन तोंडं आहेत: लीदो, मालामोक्को आणि किओज्जा. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

अशा चिखलात माणसं राहायला आली कशाला? तर पळून. रोमन सत्ता कोसळल्यावर उत्तरेकडून एकामागून एक टोळ्या येत राहिल्या. ५६८ मध्ये लाँगोबार्द लोक इटलीत घुसले तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं हळूहळू बेटांवर सरकली. घोडदळाला चिखलात येता येत नाही आणि नवख्या नावाड्याला उथळ पाण्यातल्या वाटा सापडत नाहीत. आपल्याकडे सह्याद्रीने जे केलं ते इथे चिखलाने केलं. व्हेनिसची जन्मतारीख म्हणून २५ मार्च ४२१ हा दिवस सांगतात, अगदी तिथीवाराच्या थाटात, पण ती दंतकथा. खरं शहर बरंच नंतरचं. ८१० च्या सुमारास फ्रँकांच्या हल्ल्यानंतर राजधानी मालामोक्कोहून आतल्या रिव्होआल्तोच्या बेटांवर हलवली, तिथून आजच्या व्हेनिसची गोष्ट सुरू होते. रिव्होआल्तो म्हणजेच आपलं पूलवालं रियाल्तो.

टोर्चेल्लोचं मोठेपण याच्याही आधीचं. म्हणून आम्ही क्रम मुद्दाम उलटा लावला. सान मार्कोचा चौक राहू दे, आधी टोर्चेल्लो.

फोंदामेंते नोव्हेच्या धक्क्यावरून १२ नंबरची व्हापोरेत्तो घ्यायची. व्हापोरेत्तो म्हणजे तिथली एस.टी.च, फक्त पाण्यावरची. डावी-उजवीकडे पाण्यात तीन-तीन लाकडी खांब एकत्र बांधून रोवलेले दिसतात, त्यांना 'ब्रिकोले' म्हणतात. खोल पाण्याची वाट त्यांनी आखलेली असते. वाट सोडली की बोट चिखलात रुतलीच म्हणून समजा. बायकोने त्या धुक्यातल्या खांबांचे आणि त्यावर बसलेल्या पक्ष्यांचे शंभरेक फोटो काढले. मी तिला म्हटलं, "अगं, हे काय रस्त्यावरचे पांढरे पट्टे आहेत नुसते!" ती म्हणाली, "मग पट्टे संपल्यावर काय होतं ते बघायलाच चाललोय ना आपण?" बायको इंजिनिअर नाही, पण मुद्द्याचं बोलते.

टोर्चेल्लोच्या धक्क्यावरून एक विटांची वाट कालव्याकडेने आत जाते. वाटेत एक बिनकठड्याचा पूल, त्याला सैतानाचा पूल म्हणतात. पुढे गवत, दोन-चार इमारती, एक दगडी खुर्ची (अटिलाचं सिंहासन म्हणून दाखवतात, अटिलाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही) आणि मग एकदम समोर उभं राहतं सांता मारिया आस्सुंताचं कॅथीड्रल. स्थापना ६३९ ची. आत पश्चिमेच्या भिंतीवर अंतिम न्यायनिवाड्याचं अवाढव्य मोझेक आहे. कॅमेरा पिशवीत ठेवावा लागला, आणि ते बरंच झालं. सोनेरी काचेच्या तुकड्यांवर पडलेला नोव्हेंबरचा मंद उजेड कुठल्याही सेन्सरवर नीट उतरला नसता.

दहाव्या शतकात एका बायझंटाईन सम्राटाने लिहून ठेवलंय की टोर्चेल्लो ही मोठी बाजारपेठ आहे. मीठ, लोकर, जहाजं, चर्च, मठ, सगळं होतं. माणसं हजारोंनी राहत होती. आज कायम राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. बाकी इमारती गेल्या कुठे? त्यांचे दगड उपसून बोटीतून व्हेनिसला नेले आणि तिथल्या बांधकामात वापरले. म्हणजे जुन्या सर्व्हरचे पार्ट काढून नव्यात बसवावेत तसं.

का झालं असं? कोणी हल्ला केला नाही, आग लागली नाही. बेटाभोवतीच्या वाटा गाळाने भरत गेल्या. नद्यांचं गोडं पाणी खाऱ्यात मिसळून साचलं, वेत माजले, डास वाढले, हिवतापाने घरं रिकामी व्हायला लागली. जहाजं धक्क्याला लागेनात, मग व्यापारी हलले, मग बाकीचे. कोणा एकाने 'टोर्चेल्लो बंद करा' असा निर्णय घेतला नाही. दरवर्षी थोडा गाळ, दरवर्षी थोडी माणसं कमी. हे वाचताना ज्यांनी एखादी जुनी सिस्टिम हळूहळू मरताना पाहिली आहे त्यांच्या पोटात गोळा आला असेल.

हाच गाळ व्हेनिसवरही येत होता. फरक इतकाच की व्हेनिसने त्याच्याविरुद्ध एक खातं उघडलं. १५०१ मध्ये पाण्याची देखरेख करणारे कायमचे अधिकारी नेमले, त्यातूनच पुढे 'माजिस्त्रातो आल्ले आक्वे' म्हणजे जलखातं उभं राहिलं. त्या काळच्या एका शिलालेखाचा आशय असा आहे की पाणी हीच या शहराची तटबंदी, आणि सार्वजनिक पाण्याची जो हानी करेल तो देशाचा शत्रू समजावा. तटबंदीची वीट काढणाऱ्याला जी शिक्षा, तीच कालव्यात राडारोडा टाकणाऱ्याला. आपल्या नद्यांकडे बघून यावर मी काही बोलत नाही.

या खात्यात सोळाव्या शतकात एक जबरदस्त वाद झाला. एका बाजूला आल्विझे कोर्नारो, पादुआकडचा श्रीमंत जमीनदार. त्याचं म्हणणं, लगूनच्या कडेला बांध घाला, पाणी हटवा, शेती करा, शहराला धान्य मिळेल. दुसऱ्या बाजूला क्रिस्तोफोरो सब्बादिनो, किओज्जाचा, सरकारी जलअभियंता. तो म्हणे, अहो, लगून जेवढं मोठं तेवढं भरती-ओहोटीला आतबाहेर जाणारं पाणी जास्त. तेच पाणी जोरात वाहून तोंडं आणि वाटा धुऊन काढतं. तुम्ही कडेची जागा शेतीला दिलीत की पाणी कमी, जोर कमी, आणि मग तोंडं गाळाने बंद. म्हणजे ज्या जागेला कोर्नारो पडीक समजत होता, ती सब्बादिनोच्या हिशेबात काम करत होती. दिसत नव्हतं इतकंच.

एकूण पाहता सब्बादिनोचा विचार टिकला. तो गेल्यानंतर, १६०० ते १६०४ या चार वर्षांत, पो नदीचं मुख दक्षिणेकडे वळवणारा कालवा खणला. ब्रेंता, सिले, पियावे या नद्याही टप्प्याटप्प्याने लगूनच्या बाहेरून समुद्रात सोडल्या. जेसीबी नव्हते हो, फावडी आणि टोपल्या. मग दुसरी बाजू: समुद्र. १७४४ ते १७८२ या काळात वाळूच्या दांड्यांवर दगडी समुद्रभिंती बांधल्या, त्यांना 'मुराझ्झी' म्हणतात. १७९१ मध्ये लगूनची हद्द खांब रोवून पक्की केली. आणि १२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या धाकाने प्रजासत्ताकाने स्वतःचं विसर्जन केलं. शेवटच्या पन्नास वर्षांत राज्य मोडकळीला आलेलं, पण मेंटेनन्सची कामं चालूच होती. याला म्हणतात टीम!

एवढ्या कामाला पैसा कुठून आला? बराचसा आपल्या मसाल्यांतून. मलबारची मिरी अरब व्यापाऱ्यांकडून अलेक्झांड्रियाला, तिथून व्हेनिसच्या जहाजांतून युरोपात. बदल्यात पूर्वेकडे सोनं जायचं, म्हणजे व्हेनिसचा दुकाट. १२८४ पासून पाडायला लागले, साडेतीन ग्रॅमचं जवळजवळ शुद्ध सोनं, आणि प्रजासत्ताक संपेपर्यंत शुद्धतेत हयगय नाही. एका बाजूला गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि उभे संत मार्क, दुसऱ्या बाजूला येशू. आपल्याकडे या आकृत्यांवरून त्याला 'पुतळी' म्हणायला लागले. हो, आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली तीच पुतळी! पुढे आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या इथे घडवल्या. कोरेर म्युझियममध्ये बायकोला दुकाट दाखवला तर ती म्हणाली, "अरे, हे तर सासूबाईंच्या कपाटात आहे."

आणखी एक धागा सांगतो आणि पुढे जातो. १६६५ मध्ये पुरंदरच्या वेळी मिर्झाराजा जयसिंगाच्या छावणीत शिवाजी महाराजांना भेटल्याचं लिहून ठेवणारा निकोलाओ मनुची हा व्हेनिसचाच. त्याच्या ग्रंथाच्या हस्तलिखिताचा काही भाग आजही सान मार्कोजवळच्या मार्चियाना ग्रंथालयात आहे. त्या इमारतीसमोर मी जरा उगाचच ताठ उभा राहून फोटो काढून घेतला.

असो. आता पायाकडे वळू. मऊ चिखलात घर बांधायचं तर आधी लाकडी खांब ठोकायचे: एल्डर, ओक, लार्च. खाली कठीण चिकणमातीचा थर लागेपर्यंत, एकमेकांना खेटून. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही, त्यामुळे लाकूड सहजासहजी कुजत नाही. त्यावर फळ्या, त्यावर इस्त्रियाहून आणलेला पांढरा दगड, आणि मग विटा. रियाल्तोचा दगडी पूल (१५८८ ते १५९१) असल्या सुमारे १२,००० खांबांवर उभा आहे. १६३०-३१ च्या प्लेगनंतर नवस म्हणून बांधलेल्या सालुते चर्चखाली दहा लाखांहून जास्त खांब असल्याचं सांगतात. सूर्योदयाला ॲकादेमियाच्या पुलावरून ज्या घुमटाचा फोटो सगळं जग काढतं, त्याच्याखाली एक अख्खं जंगल उलटं पुरलेलं आहे.

यातला खरा हिरो तो पांढरा दगड. तो पाणी शोषत नाही. वीट शोषते. म्हणून पाण्याची पातळी दगडाच्या थराखाली राहिली तर घर सुरक्षित. खारं पाणी दगड ओलांडून विटेपर्यंत गेलं की मीठ भिंतीत वर चढतं, सुकताना त्याचे स्फटिक होतात आणि ते वीट आतून फोडतात. व्हेनिसमधल्या त्या पोपडे निघालेल्या 'रोमँटिक' भिंती आपण वॉलपेपर म्हणून लावतो ना, तो एक आजार आहे.

शेजारच्या बेटांवरही हाच सांभाळण्याचा धंदा दिसतो. १२९१ मध्ये सरकारने काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवायला लावल्या, कारण शहरात लाकडी घरं आणि आगीची भीती. धोका वेगळ्या बेटावर ठेवायचा, सोपा हिशेब. पुढे तिथेच पंधराव्या शतकात आंजेलो बारोव्हिएरने स्फटिकासारखी स्वच्छ काच बनवली आणि गुपित फुटू नये म्हणून कारागिरांना देश सोडायची बंदी आली. बुरानो म्हणजे कोळ्यांचं आणि लेस विणणाऱ्या बायकांचं बेट. निळी, पिवळी, लाल घरं. धुक्यात आपलं घर ओळखता यावं म्हणून कोळी रंग देत, अशी गोष्ट सांगतात. कॅमेरावाल्यांची इथे दिवाळीच. पण जरा खाली वाकून बघा. त्या भडक रंगाच्या खालच्या वीतभर पट्ट्यात गिलावा फुगलेला दिसतो. खारी ओल तिथेही चढतेच, म्हणून रंग पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा आपल्या घराचा कोपरा खरवडत बसले होते. बायकोने खुणेनेच फोटोसाठी परवानगी मागितली. त्यांनी हसून ब्रश वर केला आणि पुन्हा कामाला लागले. आमच्या पाच दिवसांतला माझ्या मते तो सगळ्यात चांगला फोटो.

आता शीर्षकातल्या रेघेबद्दल. कालव्याच्या कडेने चालताना प्रत्येक घराच्या पायाशी एक हिरवी रेघ दिसते, शेवाळाची. नेहमीची भरती जिथवर येते तिथवर शेवाळ, त्याच्यावर कोरडा दगड. व्हेनिसचे लोक पूर्वी याच रेघेवरून पातळी मोजत, काही ठिकाणी दगडावर तशी खूणही कोरलेली सापडते.

अठराव्या शतकात कॅनालेत्तो (१६९७ ते १७६८) नावाच्या चित्रकाराने व्हेनिसची हुबेहूब चित्रं काढली. गिऱ्हाईक कोण? तर मुख्यतः युरोपच्या सहलीला आलेले श्रीमंत इंग्रज. म्हणजे त्या काळचे टूरिस्ट, आठवण म्हणून घरी न्यायला. अचूकपणा साधायला तो कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरायचा. आणि बाबाने इतकं प्रामाणिक काम केलं की शेवाळाची रेघसुद्धा जिथल्या तिथे रंगवली. २००३ मध्ये पादुआचे दारिओ कामुफ्फो आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने एक भन्नाट निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी चित्रातल्या इमारती आज जिथे उभ्या आहेत तिथे जाऊन रेघेची उंची ताडून पाहिली. निष्कर्ष: रेघ सुमारे ६० सेंटीमीटर वर चढली आहे. समुद्राची पातळी मोजण्याचं यंत्र तिथे बसलं एकोणिसाव्या शतकात. त्याच्या आधीचा डेटा कुठे मिळाला, तर टूरिस्टांसाठी काढलेल्या चित्रांत!

हे वाचल्यापासून आमची फोटोग्राफी बदलली. शेवटचे दोन दिवस आम्ही घुमट आणि गोंडोला सोडून पायऱ्यांचे फोटो काढत फिरलो. कालव्यात उतरणाऱ्या पायऱ्या, अर्ध्या बुडालेले दरवाजे, हिरवी रेघ. एका गोंडोलावाल्याने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू ताजमहालासमोर उभं राहून आम्ही फरशीचे फोटो काढतोय.

रेघ का चढली? काही समुद्र वर आला म्हणून आणि काही शहर खाली गेलं म्हणून. विसाव्या शतकात समोरच्या किनाऱ्यावर मार्गेरा इथे कारखाने आले, त्यांनी जमिनीखालचं पाणी उपसलं आणि जमीन खचली. १९७० च्या दशकात उपसा थांबवला, पण खचलेली जमीन काही परत वर येत नाही. १९६० च्या दशकात तेलवाहू जहाजांसाठी लगूनमधून खोल कालवा काढला, त्याने गाळ आणि खाजणं झिजायला लागली. आणि इथे सब्बादिनोच्या वारशाचीच एक गंमत आहे. नद्या वळवल्यामुळे लगून बुजलं नाही हे खरं, पण आता खाजणांना टिकायला लागणारा नवा गाळ येत नाही. जे टोर्चेल्लोला मारत होतं त्याचा आता तुटवडा आहे. चारशे वर्षांपूर्वीचा उत्तम फिक्स आजचा बग झाला. यात सब्बादिनोचा दोष नाही. चालू सिस्टिममध्ये कायमचं उत्तर नसतंच, फक्त पुढची पाळी असते.

४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी १९४ सेंटीमीटरवर गेलं, आजवरचा उच्चांक. मग 'मोझे' प्रकल्पाची चर्चा सुरू झाली, बांधकाम २००३ मध्ये. लगूनच्या त्या तीन तोंडांवर तळाशी मिळून ७८ पोकळ पोलादी दारं झोपवलेली आहेत. एरवी आत पाणी असतं, उधाण यायच्या वेळी दाबाने हवा सोडली की पाणी बाहेर पडतं आणि दारं वर उठतात. कल्पना सुरेख, अंमलबजावणीत मात्र वर्षांमागून वर्षं गेली, खर्च पाच अब्ज युरोच्या पलीकडे गेला, २०१४ मध्ये भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अटका झाल्या आणि त्याच धुरळ्यात पाच शतकांची परंपरा सांगणारं ते जलखातंच गुंडाळलं गेलं. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी पुन्हा १८७ सेंटीमीटरवर चढलं तेव्हा दारं तयार नव्हती. ३ ऑक्टोबर २०२० ला ती पहिल्यांदा खऱ्या उधाणात उचलली आणि शहर कोरडं राहिलं. पण दारं जितकी जास्त वेळा बंद होतील तितकं लगूनचं आतबाहेर होणारं पाणी अडणार. सब्बादिनो असता तर नेमकं यावरच बोट ठेवलं असतं.

पण समजा, पाण्याचं कोडं सुटलं. तरी एक आकडा उरतो. १९५१ मध्ये मूळ शहरात सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये ती ५०,००० च्या खाली गेली. रियाल्तोजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक आहे. आम्ही त्याच्यासमोर बराच वेळ उभे होतो. आजूबाजूला गर्दी तर इतकी की ट्रायपॉड उघडायला जागा नाही, आणि फलकावरचा आकडा सांगतो की इथे कोणी राहत नाही. घरं पाहुण्यांना भाड्याने जातात, पोरं नोकरीला किनाऱ्यावर जातात, वाण्याच्या दुकानात मुखवटे विकायला ठेवतात. २०२१ मध्ये अवाढव्य क्रूझ जहाजांना शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आली, २०२४ मध्ये ठरावीक दिवशी एका दिवसापुरतं येणाऱ्यांवर ५ युरो शुल्क बसलं. बरं आहे, पण त्याने आकडा वर जात नाही.

टोर्चेल्लोत पाण्याची वाट आधी बुजली आणि माणसं मागून गेली. व्हेनिसने पाणी पाचशे वर्षं सांभाळलं आणि माणसं मात्र हातातून निसटताहेत. तळमजल्याची ओल रोज बघणारा, कोपरा खरवडून रंग लावणारा, कालव्यात घाण पडली तर भांडायला उठणारा माणूसच उरला नाही, तर ७८ दारं कोणासाठी उचलायची? मेंटेनन्स कागदावर खात्याचा असतो, पण प्रत्यक्षात तो तिथे राहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. ज्याला फरक दिसतो तोच तक्रार करतो.

तर मंडळी, जाणार असाल तर जाच. पण सकाळी येऊन संध्याकाळी परत असं करू नका. दोन-चार रात्री राहा, भाजी-ब्रेड तिथल्या माणसाच्या दुकानातून घ्या, आणि टोर्चेल्लो आधी बघा. आणि घुमटाचे फोटो काढून झाले की एकदा कॅमेरा खाली करून ती हिरवी रेघ टिपून ठेवा. तारीख, वेळ आणि जागा नीट लिहून. कॅनालेत्तोलाही ठाऊक नव्हतं की आपली चित्रं पुढे कोणाच्या कामी येणार आहेत.